अंगाबेताचा कोट

लग्नाचा स्वागतसमारंभ चालूं आहे. व्यासपीठावर नवरदेव उभा आहे. अंगांत नवा करडा सूट, गळ्यांत टाय, पायांत चकचकीत बूट. समोरून पाहणाऱ्याला नांव ठेवावयास कोठें जागा नाहीं. इतक्यांत मुलीकडील कोणी वृद्ध आजोबा वर आले. नवरदेव पाठमोरा होऊन त्यांच्या पायां पडण्यासाठीं वांकला, आणि पहिल्या रांगेंतील चारपांच जणांच्या नजरा एकाच ठिकाणीं खिळल्या. कोटाच्या मागच्या फटीवर पांढऱ्या दोऱ्याची फुली तशीच होती. कोणी हंसलें, कोणी शेजाऱ्याला खुणावलें. नवरदेवाला त्यांतलें कांहींच कळलें नाहीं. पंधरा दिवसांनीं छायाचित्रें हातीं आलीं, तेव्हां ती फुली त्याला प्रथम दिसली. तोपर्यंत ती कायमची होऊन बसली होती.

असा प्रसंग शहरांतील कोणत्याही मंगल कार्यालयांत घडतो. ती फुली म्हणजे शिवणकामांतील दोष नव्हे. कारखान्यांतून दुकानापर्यंतच्या प्रवासांत कोटाची मागची उभी फट, जिला शिंपी व्हेंट म्हणतात, ती फांकूं नये आणि तिची घडी मोडूं नये म्हणून घातलेला तो कच्चा टांका. घरीं आणल्यावर गिऱ्हाइकानें तो कापून टाकावा अशी अपेक्षा असते. पण ही अपेक्षा त्याला सांगणार कोण? कोट शिंप्याकडून शिवून घेण्याची चाल होती तोंवर हा प्रश्न उद्‌भवत नसे. शिंपी कच्चे दोरे स्वतःच ओढून काढी, कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवी, दोन पावलें मागें सरून पाही, आणि "रावसाहेब, खालचें बटण मोकळें असूं द्या" असें सांगून मगच हिशेबाला बसे. आज बहुतेक कोट तयार मिळतात. तयार कोटाबरोबर अस्तर येतें, जादा बटणांची पुडीही येते. शिंप्याचे ते चार शब्द मात्र येत नाहींत. पुरुषांच्या पोशाखांत नेहमीं दिसणाऱ्या चुकांपैकीं बऱ्याचशा या न सांगितलेल्या शब्दांमुळें होतात, आणि म्हणूनच त्या सुधारणें कठीण नाहीं.

पहिला प्रश्न असा कीं, कोटाच्या बाबतींतच एवढ्या चुका कां व्हाव्यात? धोतर, उपरणें, पागोटें हीं न शिवलेलीं वस्त्रें. तीं कोणाच्याही अंगाला बसतात, कारण वापरणारा तीं दर वेळीं आपल्या अंगावर नव्यानें घडवितो. बाराबंदी शिवलेली खरी, पण ती बंदांनीं बांधावयाची. पोट सुटलें तर गांठ सैल करावी, थंडींत आंत एक वस्त्र अधिक घालावें, ती सर्व सामावून घेते. विलायती धर्तीचा कोट इतका उदार नाहीं. त्याच्या खांद्याची रुंदी, बटणाची जागा, पाठीचा बांक, सारें कातरतांनाच ठरलेलें असतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आणि विसाव्याच्या पूर्वार्धांत महाराष्ट्रांतील वकील, शिक्षक व कारकून धोतरावर कोट आणि डोक्याला पगडी किंवा टोपी असा मिश्र पोशाख करीत. त्यांत कोटाचें काम वरच्या आवरणाचें होतें. पुढें कोट आणि विजार यांची जोडी रूढ झाली. तिच्याबरोबर तिचे नियमही आले, पण नियमांचीं कारणें बहुधा मागेंच राहिलीं.

त्या जोडीचा इतिहास थोडक्यांत असा. १६६६ सालच्या ऑक्टोबरांत इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानें दरबारी पोशाखांत लांब जाकिटाची नवी चाल जाहीर केली. सॅम्युएल पेपिसच्या रोजनिशींत तिची नोंद आहे. कोट, जाकीट व विजार या तिकडीचें मूळ तेथें मानतात. त्यानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं लंडनमध्यें ब्यू ब्रमेल या गृहस्थानें भरजरी रंगांऐवजीं साध्या गडद कोटाला प्रतिष्ठा मिळवून दिली. कपड्याची शोभा कशिद्यांत नाहीं, कातरण्यांत आहे, हा विचार त्याच्या उदाहरणानें पसरला. जुगार आणि उधळपट्टी यांपायीं ब्रमेलला १८१६ सालीं फ्रान्समध्यें पळून जावें लागलें, हेंही त्याच्या चाहत्यांनीं विसरूं नये. लंडनमधील सॅव्हिल रो ही गल्ली पुढें या कलेचें माहेरघर झाली. १८०६ सालीं निघालेलें हेन्री पूल यांचें दुकान १८४६ पासून तेथें आलें. त्याच सुमारास अमेरिकेंत शिवणयंत्रें निघालीं. एलियास हॉव यानें १८४६ सालीं आणि आयझॅक सिंगर यानें १८५१ सालीं आपापल्या यंत्राचा हक्क नोंदविला. यंत्रामुळें तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले, आणि शिंपी व गिऱ्हाईक यांची समोरासमोरची भेट हळूहळू दुर्मिळ झाली.

आतां प्रत्यक्ष चुकांकडे वळावें. मागच्या फुलीसारखीच दुसरी वस्तु म्हणजे डाव्या बाहीवर, मनगटापाशीं टांचलेलें कापडाचें लेबल. त्यावर कापडाचें किंवा गिरणीचें नांव असतें. दुकानांत ओळख पटावी, एवढाच त्याचा उपयोग. कित्येक गृहस्थ तें अलंकार समजून वर्षानुवर्षें वागवितात. तें चार टांक्यांनीं अडकविलेलें असतें आणि नखकात्रीनें सहज सुटतें. तिसरी गोष्ट खिशांची. नव्या कोटाचे बाहेरचे खिसे अनेकदां शिवून बंद केलेले असतात. ते खोटे आहेत असें समजून कोणी त्यांच्या वाटेस जात नाहीं. उलट कोणी बोट घालून ते फाडतो आणि खिशाची कड उसवून बसतो. खरी रीत अशी कीं, खिशाच्या मागें आंतल्या बाजूस पिशवी आहे कीं नाहीं हें प्रथम हातानें चांचपून पाहावें. पिशवी लागली तर खिसा खरा. मग उजेडांत बसून एकेक कच्चा टांका कापावा आणि दोरा चिमट्यानें ओढून काढावा. छातीवरच्या खिशांत रुमाल ठेवावयाचा असेल तर तो उघडावाच. खालचे दोन खिसे कित्येक जाणकार मुद्दाम बंदच ठेवितात, कारण उघडा खिसा भरण्याचा मोह होतो. मागच्या फटीची फुली मात्र काढलीच पाहिजे. घोड्यावर बसतांना कोटाचे पल्ले दोन बाजूंस पडावेत म्हणून ही फट ठेवण्याची चाल पडली, असें मानतात. खुर्चीवर बसतांनाही तिचें काम तेंच. ती शिवलेली राहिली तर पल्ले मोकळे होत नाहींत आणि कापड मागें ताणलें जातें.

यानंतर बटणें. दोन बटणांच्या कोटाचें वरचें बटण लावावें, खालचें लावूं नये. तीन बटणें असतील तर मधलें नेहमीं लावावें, वरचें इच्छेनुसार, खालचें नाहीं. यामागें एक कथा सर्वत्र सांगतात. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड, ज्यानें १९०१ ते १९१० पर्यंत राज्य केलें, त्याचें पोट सुटल्यामुळें त्यानें जाकिटाचें शेवटचें बटण मोकळें सोडलें, आणि दरबारानें त्याचें अनुकरण केलें. कथा खरी असो वा नसो, आजचा कोट कातरतांना खालचें बटण मोकळें राहणार हें गृहीतच धरलेलें असतें. म्हणूनच पुढच्या दोन्ही कडा कंबरेखालीं गोलाईनें मागें नेलेल्या असतात. तें बटण लावलें कीं त्या कडा बळानें एकत्र येतात आणि मांडीवर कापड ताणतें. खुर्चीवर बसतांना लावलेलें बटणही सोडावें आणि उठतांना पुन्हां लावावें. न सोडल्यास कोट छातीशीं फुगतो आणि बटणाच्या दोऱ्यावर सारा भार येतो. दुहेरी पल्ल्याच्या कोटाची गोष्ट वेगळी. त्याचा एक पल्ला दुसऱ्यावर बराच चढलेला असल्यामुळें तो मोकळा सोडला कीं समोर कापडाचा पडदा लोंबतो. तो लावलेलाच ठेवावा, आणि आंतल्या पल्ल्याला धरून ठेवणारें जें लपलेलें बटण असतें तेंही विसरूं नये. लग्नांत आवडीनें घालतात त्या बंद गळ्याच्या कोटाचीं मात्र सर्व बटणें गळ्याच्या आंकड्यासह लावावींत. त्याची ऐट बंद राहण्यांतच आहे.

तथापि बटणें बरोबर लावूनही कोट वाईट दिसूं शकतो, कारण तो मुळांत अंगाचाच नसतो. तयार कोट घेतांना गिऱ्हाईक प्रथम पोटापाशीं पाहतें. पाहावयास हवें तें खांद्यापाशीं. कोटाचा खांदा मनुष्याच्या खांद्याच्या हाडाशीं संपला पाहिजे. बाहेर गेला तर बाहीच्या सुरुवातीस खळगा पडतो. आंत राहिला तर दंडाचा उंचवटा बाहीवर उमटतो. एक सोपी कसोटी आहे. भिंतीजवळ कुशीनें उभें राहून हळूहळू तिच्याकडे कलावें. दंड आणि कोटाचा खांदा एकाच वेळीं भिंतीला टेकले तर माप योग्य. कोट आधीं टेकला तर तो मोठा. त्यानंतर मानेमागें पाहावें. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून असावी. दोहोंमध्यें फट पडत असेल तर कोट पाठीला बसलेला नाहीं. मग बटण लावावें. बटणापासून दोन्हीकडे फुलीसारख्या सुरकुत्या पडल्या तर कोट घट्ट. बटणाखालीं तळहात आडवा सहज जावा, मूठ घातली तर कापड ताणावें, इतकी जागा पुरे. लांबीविषयीं म्हणावयाचें तर बैठक झांकली जावी, त्याखालीं कोट फार उतरूं नये.

कोटावर लिहिलेला ३८, ४० असा आंकडा छातीचे इंच दाखवितो, हें बहुतेकांना ठाऊक असतें. सूट जोडीनें विकत घेतांना त्यांतील विजारीची कंबर बहुधा त्या आंकड्याहून सहा इंच कमी धरलेली असते, हें फारसें कोणाला ठाऊक नसतें. म्हणजे चाळीस छातीच्या कोटाबरोबर चौतीस कंबरेची विजार. पन्नाशीच्या गृहस्थाची छाती आणि कंबर यांत हें अंतर क्वचितच उरतें. तो कंबरेसाठीं मोठा सूट घेतो, आणि खांदे ओघळतात. त्यानें कोट व विजार वेगवेगळ्या मापांत मिळणारें दुकान शोधावें, नाहींतर सरळ शिंप्याकडे जावें.

शिंपी काय बदलूं शकतो आणि काय नाहीं, हें खरेदीपूर्वीं ठाऊक असलें तर पुष्कळ पैसे वांचतात. बाहीची लांबी कमी करतां येते. मात्र मनगटावरचीं बटणें शोभेचीं नसून खरींखुरीं उघडणारीं असतील तर तेथून ती कमी होत नाहीं. कंबर आंत घेतां येते. विजारीची लांबी हें तर रोजचें काम. परंतु खांदा अरुंद करणें म्हणजे कोट जवळजवळ नव्यानें बांधणें. आणि कोटाची लांबी कमी केली तर खिसे जागच्या जागीं राहून सारें प्रमाण बिघडतें. कपडा सैल करावयाचा असेल तर शिवणींत माया हवी. शिवणीच्या आंत राखून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात, आणि हा शब्द यथार्थच आहे. कारण दहा वर्षांनीं अंग भरल्यावर ती राखलेली पट्टीच मदतीला येते. विजार घेतांना ती आंतून उलटून मागच्या शिवणींत माया किती आहे तें पाहावें.

शिवून घेणाऱ्यांच्याही कांहीं ठराविक चुका आहेत. कच्च्या शिलाईचा कोट अंगावर घालून पाहण्याच्या वेळीं पुष्कळजण छाती पुढें काढून, पोट आंत ओढून, श्वास धरून उभे राहतात. शिंपी बिचारा त्या अर्ध्या मिनिटाच्या शरीरावर खुणा करितो. पुढें कोट घालावयाचा असतो रोजच्या शरीरानें. त्या वेळीं नेहमींसारखें उभें राहावें, हात वर करावे, खुर्चीवर बसावें, चार पावलें चालावें. जो शर्ट व जे बूट पुढें घालावयाचे तेच त्या दिवशीं घालून जावें. एक खांदा दुसऱ्याहून थोडा उतरलेला असणें ही अगदीं सामान्य गोष्ट आहे. तें लपवूं नये, शिंप्याला दाखवावें, म्हणजे तो त्या बाजूस हलकी गादी घालून तो फरक झांकतो. लग्नाच्या आदल्या आठवड्यांत माप देणें ही सर्वांत महाग पडणारी चूक, कारण मग दुरुस्तीला वेळ उरत नाहीं. "वाढत्या अंगाचा आहे, जरा मोठाच शिवा" ही घरोघरची सूचना शाळकरी मुलाच्या बाबतींत रास्त आहे. पंचवीस वर्षांच्या मुलाखतीला जाणाऱ्या तरुणाच्या बाबतींत नाहीं. दुसऱ्याचा मागून आणलेला कोट आणि ढगळ शिवलेला स्वतःचा कोट यांत समोरच्याला फरक दिसत नाहीं.

कोटाच्या बाह्यांतून शर्टाची मनगटपट्टी सुमारें अर्धा इंच दिसावी. याला कारण आहे. घाम आणि मळ शर्टावर यावा व तो धुतां यावा, कोटाची कड मात्र शाबूत राहावी. बाही तळव्यापर्यंत लोंबली कीं ती आधीं मळते आणि मग झिजते. विजारीचा शेवट बुटावर हलकासा टेकावा. बुटावर कापडाचे तीनचार वळसे सांठले तर उंच मनुष्यही ठेंगणा दिसतो. मोजे इतके लांब असावेत कीं पायावर पाय टाकून बसतांना पोटरी उघडी पडूं नये. टायचें टोंक कंबरपट्ट्याच्या बकलापर्यंत यावें. वर राहिलें तर पोट मोठें दिसतें, खालीं गेलें तर निष्काळजीपणा. टाय आणि छातीचा रुमाल एकाच कापडाचे, एकाच डब्यांतून निघालेले असले म्हणजे ते विकत घेतांना कांहीं विचार केला नव्हता हें आपोआप कळतें; रुमाल पांढरा असावा हें सर्वांत सुरक्षित.

खिसा हें कोटाचें मर्मस्थान. लोकरीचें कापड ओझ्यानें ताणतें आणि ताणलेलें पुरतें मूळपदावर येत नाहीं. फोन, किल्ल्यांचा जुडगा, नाण्यांनीं फुगलेलें पाकीट हें सारें बाहेरच्या खिशांत भरलें कीं महिन्याभरांत त्या बाजूचा पल्ला खालीं ओढला जातो. पातळ पाकीट आंतल्या खिशांत ठेवावें. लेखणी छातीवरच्या बाहेरच्या खिशाला अडकवूं नये. शाई एकदां गळली कीं त्या डागावर इलाज जवळजवळ नाहीं.

कापडाच्या निवडींत मुंबई-कोंकणच्या हवेचा विचार फार थोडे लोक करितात. ठाण्यास १९२५ सालीं रेमंडची लोकरी गिरणी निघाली, तेव्हांपासून सुटाचें कापड येथील मध्यमवर्गाच्या परिचयाचें आहे. तरी लोकर म्हणजे थंडीचेंच कापड ही समजूत अद्याप कायम आहे. वास्तविक पीळदार सुताची, विरळ विणीची, हलकी लोकर हवा खेळूं देते आणि घामाची वाफ शोषून घेते; स्वस्त म्हणून घेतलेलें निव्वळ पॉलिएस्टरचें कापड तितका घाम शोषूं शकत नाहीं. उष्ण हवेंत कोटाच्या पाठीला पूर्ण अस्तर नसणेंही बरें. कापडाच्या कडेवर "सुपर १००", "सुपर १२०" असे आंकडे असतात, ते लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचे. आंकडा जितका मोठा तितका तंतु बारीक, आणि म्हणून नाजूकही. रोज कचेरींत घालावयाचा कोट फार मोठ्या आंकड्याच्या कापडाचा घेतला तर तो मऊ लागेल, पण लवकर झिजेल.

कोटाच्या छातीचा आकार टिकतो तो आंतल्या थरामुळें. चांगल्या कोटांत घोड्याच्या केसांचा कॅनव्हास हातटांक्यांनीं बसविलेला असतो; तो अंगाच्या उष्णतेनें हळूहळू मालकाच्या छातीचा आकार घेतो. पुष्कळ तयार कोटांत त्याऐवजीं डिंकानें चिकटविलेला थर असतो. तोही वाईट नाहीं; पण वारंवार ड्राय क्लीनिंग केल्यानें किंवा तापलेली इस्तरी दाबल्यानें डिंक सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे बुडबुडे उठतात. ज्या उलट्या पट्टीला लॅपेल म्हणतात ती घरच्या इस्तरीनें चपटी करणें ही तर फारच सामान्य चूक. तिला मुळांत सौम्य वळण दिलेलें असतें. तें चुरडलें कीं कोटाचा चेहरा गेला. सुरकुत्या जावयाच्या असतील तर गरम पाण्यानें स्नान चाललें असतां स्नानगृहांत थोडा वेळ कोट टांगून ठेवावा. वाफेनें लोकर आपोआप सैल होते.

खुंटीवर टांगलेल्या कोटाला मानेपाशीं टेंगूळ येतें, खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्याचे खांदे मोडतात. रुंद खांद्याच्या लांकडी हँगरला पर्याय नाहीं. एक दिवस घातलेल्या कोटाला दुसरे दिवशीं विश्रांति द्यावी. तंतूंना मूळपदावर येण्यास तेवढा वेळ लागतो. प्रत्येक वेळीं धुण्यास टाकण्याऐवजीं मऊ कुंचल्यानें झाडून वाऱ्यावर ठेवणें हितकर. धुण्यास द्यावयाचाच झाला तर कोट आणि विजार बरोबर द्यावीं, नाहींतर कांहीं काळानें दोहोंचे रंग निराळे होतात. धोब्याकडून आलेली प्लॅस्टिकची पिशवी लगेच काढून टाकावी. पावसाळ्यांत तिच्या आंत दमट हवा कोंडते व बुरशी येते. सुती पिशवी घालून कोट ठेवावा आणि उघडीप मिळेल त्या दिवशीं सावलींत हवा द्यावी. कसरीच्या अळ्या लोकर खातात, त्यांतही मळलेली व घामट लोकर त्यांना अधिक प्रिय. तेव्हां कपाटांत ठेवण्यापूर्वीं कोट स्वच्छ करणें हा पहिला उपाय. डांबराच्या गोळ्या वापरावयाच्या तर त्या मुलांच्या हातीं पडणार नाहींत अशा ठेवाव्यात, कारण त्या विषारी असतात.

एवढा खटाटोप एका कोटासाठीं कशाला, असें कोणी म्हणेल. "एक नूर आदमी, दस नूर कपडा" ही म्हण ऐकून साधा मनुष्य कंटाळतो, आणि तें स्वाभाविक आहे. कपड्यावरून माणसाची किंमत करणें हा चांगला न्याय नव्हे. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासांत कपड्याला केवळ नटण्यापलीकडचा अर्थ होता. ज्यांनीं कोणते कपडे घालावे हें दुसरे ठरवीत, त्यांच्या दृष्टीनें नीट पोशाख हा स्वाभिमानाचा प्रश्न होता. डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं अस्पृश्य स्त्रियांना जात ओळखूं येईल अशी वेषभूषा सोडण्याचा उपदेश केला. त्यांचे स्वतःचे पुतळे गांवोगांव कोट, टाय आणि विजार या वेषांतच उभे आहेत. त्या वेषाकडे मान वर करून पाहणाऱ्या घरांतला पहिला पदवीधर जेव्हां मुलाखतीसाठीं पहिला कोट विकत घेतो, तेव्हां त्याला मागच्या फुलीविषयीं सांगणारा वडीलधारा घरांत असेलच असें नाहीं. कोटाचे नियम त्याला ठाऊक नाहींत यांत त्याचा दोष नाहीं. ज्याला ते ठाऊक आहेत त्यानें ते न सांगतां हंसणें, हा मात्र दोष आहे. आपली पाठ कोणालाच दिसत नाहीं. ती पाहून योग्य तें सांगणारा एक माणूस लागतो, आणि हें काम शिंपी उरला नाहीं तेथें मित्रानें, भावानें, सहकाऱ्यानें करावें. त्याची रीतही सोपी आहे: बाजूस न्यावें, हळू आवाजांत सांगावें, आणि शक्य तर दोरा आपणच काढून द्यावा.

समारंभाच्या किंवा मुलाखतीच्या आदल्या रात्रीं दहा मिनिटें पुरतात. कोट, विजार, शर्ट, टाय, मोजे, बूट असा सर्व पोशाख एकदां चढवावा. घरांतल्या कोणाला तरी मागें उभें करून फट, कॉलर आणि बाह्या पाहावयास सांगावें. एकदां बसावें, एकदां वांकावें, एकदां हात वर करावा. लेबल काढलें कीं नाहीं, खिसे रिकामे आहेत कीं नाहीं हें पाहावें, आणि कोट रुंद हँगरवर टांगून निजावें. सकाळीं मग आरशांत एकदांच पाहावें लागतें, आणि दिवसभर मन कपड्याकडे न राहतां कामाकडे राहतें.